थेट गाडी आणि मधली गावे

मुलांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी आगगाडीने किंवा एसटीने प्रवास केला असेल. आपण खिडकीजवळ बसलेलो असतो. गाडी एखाद्या लहान स्थानकावर थांबते. दोन माणसे उतरतात, एक म्हातारी आजी गाठोडे सांभाळत हळूहळू चढते आणि आपण मनात म्हणतो, "ही गाडी इथे कशाला थांबली? उगाच वेळ गेला!" पण एखाद्या दिवशी आपणच त्या लहान स्थानकाच्या फलाटावर उभे असतो. गाडी धडधडत येते आणि न थांबता निघून जाते. तेव्हा आपण म्हणतो, "दोन मिनिटे थांबली असती तर हिचे काय बिघडले असते?"

दोन्ही वेळा बोलणारे आपणच. मग खरे कोणते? या पाठात आपण याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

मी बी.एड.चा अभ्यास करत होतो तेव्हा वर्षभर माझ्या खालाकडे आंबी येथे राहत होतो. आंबी हे पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातले गाव. इंद्रायणी नदीच्या खोऱ्यात, तळेगाव दाभाडेपासून थोड्या अंतरावर ते वसले आहे. पूर्वी हा सगळा शेतीचा भाग होता. पुढे जवळच औद्योगिक वसाहत झाली, महाविद्यालये आली आणि रस्त्यावरची वर्दळ वाढली. पण आंबीला रेल्वे स्थानक नाही. पुण्याला जायचे तर आधी रिक्षाने किंवा बसने तळेगाव गाठायचे आणि तेथून लोकल पकडायची. माझे महाविद्यालय पुण्यात होते. म्हणजे रोज सकाळी दोन गाड्या आणि संध्याकाळी पुन्हा दोन गाड्या.

माझा पहिला सराव पाठ होता तो दिवस मला चांगला आठवतो. पाठासाठी मी रात्री जागून तक्ते तयार केले होते. सकाळी तक्त्यांची गुंडाळी बगलेत धरून मी सहा आसनी रिक्षात बसलो. रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही, हे तुम्हांला ठाऊक आहेच. सहावा प्रवासी मिळेपर्यंत दहा मिनिटे गेली. मी स्थानकाच्या पुलावर पोहोचलो तेव्हा लोकलचा शेवटचा डबा फलाट सोडत होता. थोड्या वेळाने पुण्याकडे जाणारी एक एक्सप्रेस आली. मी अगदी कडेला जाऊन उभा राहिलो, जणू मला पाहून ती थांबणार होती! ती थांबली नाही. खिडक्यांतून वर्तमानपत्र वाचणारी माणसे दिसली, एका लहान मुलाने हात हलवला, आणि एका मिनिटाच्या आत सगळी गाडी गेली. पुढच्या लोकलने मी पुण्याला पोहोचलो तेव्हा माझा तास संपला होता. तक्ते तसेच गुंडाळलेले राहिले.

त्या दिवशी मला कोणी विचारले असते, तर मी सांगितले असते की प्रत्येक गाडी प्रत्येक स्थानकावर थांबलीच पाहिजे.

पण गंमत पाहा. काही महिन्यांनी मी मुंबईहून पुण्याला येत होतो. दुसऱ्या दिवशी माझा पेपर होता आणि मी एका मित्राकडे पुण्यात उतरणार होतो. गाडी तीच, एक्सप्रेस. लोणावळा सुटले, मग मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव अशी स्थानके एकामागून एक मागे पडली. तळेगावच्या फलाटावर माणसे उभी होती. त्यांत माझ्यासारखाच कोणी गुंडाळी घेतलेला मुलगा असेलही. मी मात्र घड्याळ पाहिले आणि मनात म्हटले, "बरे झाले थांबली नाही. रात्री वाचायला अर्धा तास जास्त मिळेल." मग मला एकदम तो सराव पाठ आठवला, आणि खरे सांगतो, थोडी लाज वाटली.

आता जरा हिशेब करू. पुणे ते लोणावळा हे रेल्वेचे अंतर सुमारे ६४ किलोमीटर आहे. या मार्गावर १९७८ मध्ये उपनगरी लोकल सुरू झाली. पुणे, शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली आणि लोणावळा अशी सतरा स्थानके तुम्हांला मोजता येतील. दोन टोकांची दोन सोडली तर मध्ये पंधरा थांबे राहतात. सगळीकडे थांबणाऱ्या लोकलला साधारण एक तास वीस मिनिटे लागतात. डेक्कन क्वीन ही प्रसिद्ध गाडी हेच अंतर सुमारे एका तासात कापते. म्हणजे फरक वीस मिनिटांचा. वीस मिनिटांना पंधरा थांब्यांनी भागा. एका थांब्यामागे दीड मिनिटाहून थोडे कमी येते.

तुम्ही म्हणाल, लोकल तर फलाटावर अर्धा मिनिटच उभी असते, मग बाकीचा वेळ कुठे जातो? तो वेग कमी करण्यात आणि पुन्हा वाढवण्यात जातो. धावत्या माणसाला थांबायला आणि परत पळू लागायला जसा वेळ लागतो तसेच हे आहे. लोकलच्या अनेक डब्यांखाली विजेच्या मोटारी असतात, म्हणून ती चटकन वेग घेते. लांब पल्ल्याच्या गाडीला बहुधा पुढचे एकच इंजिन ओढते आणि मागे वीस-बावीस डबे असतात. ती गाडी प्रत्येक लहान स्थानकावर थांबवली तर दर थांब्याला याहून कितीतरी जास्त वेळ जाईल. म्हणून "एक्सप्रेसच सगळीकडे थांबवा" ही मागणी ऐकायला सोपी वाटते, पण ती पुरी करणे शहाणपणाचे नसते.

येथे एक शब्द लक्षात ठेवा. स्थानकावरच्या फलकावर 'जलद' असे लिहिलेले असते. तुम्ही घरी आणि शाळेत 'जल्दी' म्हणता, तोच हा शब्द. फारसीतून तो मराठीत आला आणि इथलाच होऊन गेला. संस्कृतातला 'जलद' मात्र वेगळा, त्याचा अर्थ ढग! 'रवाना', 'मुसाफिर', 'मुक्काम' हे शब्दही तुम्हांला नवे नाहीत. त्यातल्या 'मुक्काम' या शब्दाची मराठीत एक वेगळीच गोष्ट आहे. महाराष्ट्रातल्या अनेक खेड्यांत रात्रीची शेवटची एसटी गावातच राहते. चालक आणि वाहक तेथेच झोपतात आणि पहाटे हीच गाडी गावकऱ्यांना घेऊन तालुक्याला निघते. तिला 'मुक्कामाची गाडी' म्हणतात. त्या गावाला थांबा मिळाला एवढेच नव्हे, गाडी तेथे पाहुणी म्हणून राहिली!

आता मूळ विषयाकडे येऊ. थेट गाडी आणि सगळीकडे थांबणारी गाडी या दोन्ही हव्यात, असे म्हणणे सोपे आहे. पण त्या एकाच रुळावरून कशा धावणार? पुणे आणि लोणावळा यांच्यामध्ये दोनच मार्ग आहेत, एक जाण्याचा आणि एक येण्याचा. समजा, पुण्याहून लोकल सुटली. तिच्यामागे दहा मिनिटांनी एक जलद गाडी सुटली. लोकल प्रत्येक थांब्याला दीड मिनिट मागे पडते. सहा थांब्यांत ती नऊ मिनिटे मागे पडली आणि सातव्या थांब्याला, म्हणजे आकुर्डीच्या आसपास, जलद गाडी तिच्या अगदी मागे येऊन ठेपली. रस्त्यावर मोटार हॉर्न वाजवून पुढे जाते, रुळावर तसे करता येत नाही. मग काय करायचे? एक तर जलद गाडीने लोकलच्या मागे रखडत यायचे. नाही तर लोकलने एखाद्या स्थानकात बाजूच्या मार्गावर जायचे, आणि जलद गाडी पुढे गेल्यावर निघायचे. बाजूला थांबलेल्या लोकलमध्ये बसलेल्यांची चिडचिड तुम्ही ऐकली असेल. त्यांना वाटते की आपल्याला मुद्दाम अडवले. खरे म्हणजे तेथे माणसांचे भांडण नसते, रुळांची टंचाई असते. या पट्ट्यात तिसरा आणि चौथा मार्ग टाकावा ही मागणी त्यामुळेच जुनी आहे.

मुंबईची गोष्ट वेगळी आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कल्याणपर्यंत मध्य रेल्वेला निदान चार मार्ग आहेत. दोन मार्गांवर धीम्या लोकल धावतात आणि दोन मार्गांवर जलद. जलद लोकल दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे, डोंबिवली अशा मोठ्या स्थानकांवर थांबते आणि मधली लहान स्थानके सोडते. पण तीच लोकल कर्जतची किंवा कसाऱ्याची असेल, तर कल्याणच्या पुढे प्रत्येक स्थानकावर थांबते. ही युक्ती मला फार आवडते. शहरात जिथे मागून दुसरी गाडी लगेच येते तिथे ती जलद असते, आणि दूरच्या गावांत जिथे दुसरी गाडी लवकर येत नाही तिथे ती प्रत्येकाची होते. एकच गाडी अर्ध्या वाटेत स्वभाव बदलते.

जपानने हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर सोडवला. १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो आणि ओसाका यांच्यामध्ये जगातली पहिली अतिवेगवान रेल्वे सुरू झाली. तेव्हापासूनच तिथे दोन प्रकारच्या गाड्या ठेवल्या. 'हिकारी', म्हणजे प्रकाश, ही मोजक्याच शहरांत थांबे. 'कोदामा', म्हणजे प्रतिध्वनी, ही सगळ्या स्थानकांत थांबे. प्रकाश आणि आवाज यांत आधी कोण पोहोचते हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात! सुरुवातीला हिकारीला चार तास आणि कोदामाला पाच तास लागत. लहान स्थानकात कोदामा बाजूच्या मार्गावर उभी राहते, हिकारी मधून निघून जाते आणि मग कोदामा हलते. तिथेही थांबावे लागतेच. पण किती वेळ थांबायचे ते आधीच वेळापत्रकात ठरलेले असते, त्यामुळे प्रवासी शांतपणे डबा उघडून जेवतो.

आपल्याकडे मुंबई ते अहमदाबाद अशा ५०८ किलोमीटरच्या अतिवेगवान रेल्वेचे काम चालू आहे. तिच्यावर बारा स्थानके असतील. थोड्याच ठिकाणी थांबणाऱ्या गाडीला सुमारे दोन तास सात मिनिटे आणि सगळीकडे थांबणाऱ्या गाडीला सुमारे दोन तास अठ्ठावन्न मिनिटे लागतील असे सांगितले जाते. म्हणजे इतक्या वेगवान गाडीलाही मधल्या काही थांब्यांची किंमत एकावन्न मिनिटे पडते. गाडीचा वेग जितका जास्त, तितके तिला थांबवणे महाग!

मग लहान गावांनी काय करावे? येथे आपण एक गोष्ट नीट समजून घेऊ. दादरला एक लोकल चुकली तर माणूस मुकाट्याने दुसरीची वाट पाहतो, कारण ती काही मिनिटांत येणार असते. तळेगावला किंवा कान्ह्याला एक लोकल चुकली तर तासभर, आणि दुपारच्या वेळी त्याहूनही जास्त, बसून राहावे लागते, कारण दुपारी लोकल थोड्या असतात. म्हणजे थांबा सुटल्याचे नुकसान गाडी किती मिनिटे थांबली असती यावर ठरत नाही, पुढची गाडी किती वेळाने येणार यावर ठरते. माझा सराव पाठ त्या एक्सप्रेसमुळे बुडाला असे मला तेव्हा वाटले होते. पण अर्ध्या तासाने दुसरी लोकल असती, तर मी त्या एक्सप्रेसकडे पाहिलेही नसते.

आता तुम्हांला माझ्या मावसबहिणीची हकीकत सांगतो. ती तेव्हा अकरावीत होती. खालाने तिला तळेगावला शिकायला पाठवले, पण एक अट घातली. "शिकायचे असेल तर शीक. पण मगरिबच्या आत घरी पाहिजे." हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तिचा वर्ग सुटेपर्यंत साडेचार वाजत. त्या वेळी आमच्या रस्त्याने एक बस जात असे, पण ती दूरच्या गावाची थेट बस होती. आंबीच्या वळणावर ती थांबत नसे. पुढे पाऊण मैलावर जाऊन उतरायचे तर रस्ता निर्मनुष्य होता. साध्या बसला आणखी एक तास वेळ होता. रिक्षा भरायला संध्याकाळी बराच वेळ लागे. ती मला म्हणाली, "भाईजान, पास माझ्याकडे आहे, गाडीही रोज समोरून जाते. फक्त ती माझी नाही."

गावातल्या चार मुलींची हीच अडचण होती. मग आम्ही गावातल्या काही वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन त्या बससेवेच्या कचेरीत अर्ज नेला. तिथले साहेब सभ्य होते. त्यांनी आम्हांला बसवले, पाणी दिले आणि कागदावर हिशेब मांडला. ते म्हणाले, "गुरुजी, त्या वेळी बसमध्ये पंचेचाळीस प्रवासी असतात. एका थांब्याला दोन मिनिटे धरली तर सगळ्यांची मिळून नव्वद मिनिटे जातात."

मी तेव्हा पुरता गुरुजी झालेलो नव्हतो, पण हिशेब मलाही येत होता. मी म्हटले, "साहेब, चार मुली प्रत्येकी एक तास थांबतात. त्यांची मिळून दोनशे चाळीस मिनिटे होतात."

ते हसले. मग म्हणाले, "तुमचे बरोबर आहे. पण आज तुम्हांला थांबा दिला की उद्या आणखी आठ वळणांचे लोक येतील. नऊ थांब्यांची अठरा मिनिटे झाली. मग दूरचे प्रवासी म्हणतील, ही कसली थेट बस? ते जीपने जाऊ लागतील, बस रिकामी धावेल, आणि एक दिवस ती बंदच होईल. मग तुमच्या मुलींना काय मिळेल?"

या बोलण्यात तथ्य होते. मी घरी येऊन खूप विचार केला. साहेबांचा हिशेब खोटा नव्हता, पण त्यात एक गोष्ट राहून गेली होती. बसमध्ये बसलेल्या माणसाची दोन मिनिटे आणि अंधार पडत असताना रस्त्यावर उभ्या असलेल्या मुलीचा एक तास यांची नुसती बेरीज-वजाबाकी होत नाही. ती दोन मिनिटे गेली तर कोणाचे शिक्षण थांबत नाही. खालाची अट जुन्या वळणाची आहे असे कोणी म्हणेल, पण ती आई होती आणि रस्ता तिने पाहिलेला होता.

एसटीमध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर योजनेखाली शाळकरी मुलींना मोफत पास मिळतो. योजना फार चांगली आहे आणि तिच्यामुळे हजारो खेड्यांतल्या मुली शाळेत जाऊ शकल्या. पण पास ही कागदाची वस्तू आहे. मुलगी जिथे उभी आहे तिथे गाडी थांबली, तरच तिचा उपयोग. हे एसटीने फार पूर्वी ओळखले होते. १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर यांच्यामध्ये पहिली एसटी धावली. त्या शहराचे नाव आता अहिल्यानगर आहे. नंतरच्या काळात एसटीने एकीकडे 'विना वाहक, विना थांबा' अशा थेट गाड्या चालवल्या आणि दुसरीकडे 'हात दाखवा, गाडी थांबवा' ही योजनाही चालवली. एकाच संस्थेच्या या दोन पाट्या शेजारी शेजारी ठेवून वाचा. हा सगळा पाठ त्या दोन पाट्यांत आहे!

मावळातल्या लोकांना हा प्रश्न रस्त्यावरही नवा नाही. मुंबई-पुणे जुना महामार्ग लोणावळा, कार्ला, कामशेत, वडगाव असा गावांना लागून जातो. पुढे यशवंतराव चव्हाण मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग बांधला गेला. तो २००२ मध्ये पूर्ण झाला आणि मुंबई-पुण्याचा प्रवास पुष्कळ लवकर होऊ लागला. या सुमारे ९५ किलोमीटरच्या रस्त्यावर मध्ये उतरायच्या जागा मोजक्याच आहेत. दुचाकी आणि रिक्षा यांना तिथे परवानगीच नाही. पूर्वी जुन्या रस्त्याने जाणाऱ्या कितीतरी गाड्या मग तिकडून धावू लागल्या. मुंबईच्या आणि पुण्याच्या प्रवाशाचे भले झाले, यात शंका नाही. पण कामशेतच्या बाजारात भाजी विकून घरी परतणाऱ्या बाईला त्या गाडीचा काय उपयोग? तो रस्ता तिच्याच तालुक्यातून जातो, तिच्या शेताजवळूनही जात असेल, पण तिला त्यावर उभे राहता येत नाही. थेट मार्ग नकोच, असे मी म्हणत नाही. मी स्वतः त्या मार्गाने जातो. जुन्या रस्त्यावरच्या बस त्यामुळे कमी होऊ नयेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

यावर स्वित्झर्लंड या लहानशा डोंगराळ देशाने जो मार्ग काढला, तो आपल्या मावळासारख्या भागाने पाहण्यासारखा आहे. तिथे जलद गाड्या मोठ्याच स्थानकांत थांबतात. पण त्या ठरावीक वेळी, म्हणजे बऱ्याच ठिकाणी तास भरताना किंवा अर्ध्या तासाला, स्थानकात येतात. त्याच सुमारास आजूबाजूच्या खेड्यांतल्या लहान गाड्या आणि बसही तिथे येऊन उभ्या राहतात. लोक एकीतून उतरून दुसरीत बसतात आणि सगळ्या गाड्या पुन्हा चहूकडे निघतात. तिथल्या लोकांनी १९८७ मध्ये मतदान करून या योजनेला मान्यता दिली आणि डिसेंबर २००४ पासून तिचे मोठे वेळापत्रक सुरू झाले. खेड्यात जलद गाडी थांबत नाही, पण खेड्यातल्या माणसाची ती चुकतही नाही.

आंबीला आगगाडी कधी येणार नाही, आणि यावी असेही कोणी म्हणत नाही. पण तळेगावला लोकल येण्याच्या दहा मिनिटे आधी आंबीची बस स्थानकाबाहेर पोहोचली, आणि संध्याकाळी लोकल आल्यावर पाच मिनिटांनी सुटली, तर काय होईल? रूळ टाकायला नकोत, नवी गाडी घ्यायला नको. दोन कचेऱ्यांनी आपापली वेळापत्रके एकाच टेबलावर ठेवून पाहिली तरी बरेच काम होईल. हे साधे काम आहे, पण माझ्या अनुभवात साधी कामेच जास्त काळ पडून राहतात.

आमच्या अर्जाचे काय झाले, ते सांगायचे राहिले. दोन महिन्यांनी उत्तर आले. सकाळच्या फेऱ्यांना थांबा मिळाला नाही. संध्याकाळच्या एकाच फेरीला मिळाला, तोही वळणावर कोणी हात दाखवला किंवा आतल्या प्रवाशाने सांगितले तरच. इतर वळणांच्या लोकांनीही अर्ज केले. त्यातल्या दोघांना थांबा मिळाला, बाकीच्यांना नाही, आणि ते आमच्यावर काही दिवस रागावले होते. माझी मावसबहीण सकाळी रिक्षा भरण्याची वाट पाहत राहिली आणि संध्याकाळी बसने घरी येऊ लागली. तिने बारावी पूर्ण केली. पुढे ती पुण्याला शिकायला गेली, तेव्हा खालाने मगरिबची अट थोडी सैल केली.

गेल्या ईदच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच संध्याकाळच्या बसमध्ये होतो. मला पुढच्या गावी एका मित्राला भेटायला जायचे होते. आंबीचे वळण आले. चालकाने वेग कमी केला आणि मान बाहेर काढून डावीकडे पाहिले. वाहकाने आत विचारले, "आंबी कोणी आहे का?" कोणी बोलले नाही. वळणावरही कोणी उभे नव्हते. चालकाने पुन्हा वेग घेतला आणि गाडी पुढे निघाली.

शब्दार्थ

वर्दळ – ये-जा, गर्दी
फलाट – स्थानकावर गाडीत चढण्या-उतरण्याचा ओटा
टंचाई – कमतरता
निर्मनुष्य – जिथे माणसे नाहीत असे
तथ्य – खरेपणा
प्रतिध्वनी – आवाज आदळून परत ऐकू येणे
रखडणे – हळूहळू, अडत अडत जाणे
जुन्या वळणाचा – जुन्या विचारांचा

स्वाध्याय

१. लेखकाला पहिल्यांदा एक्सप्रेसचा राग का आला? दुसऱ्या वेळी लाज का वाटली?
२. कर्जतला जाणाऱ्या जलद लोकलचा 'स्वभाव' कल्याणनंतर कसा बदलतो?
३. बससेवेच्या साहेबांचे म्हणणे तुमच्या शब्दांत लिहा. तुम्ही तिथे असता तर त्यांना काय सांगितले असते?
४. 'रवाना', 'मुसाफिर', 'मुक्काम', 'जलद' हे शब्द वापरून प्रत्येकी एक मराठी वाक्य तयार करा. उर्दूत आणि मराठीत त्यांच्या अर्थात काही फरक आहे का ते सांगा.
५. तुमच्या घराजवळच्या थांब्यावर एक तास उभे राहा. किती गाड्या थांबल्या आणि किती न थांबता गेल्या ते वहीत लिहा. दोन गाड्यांमध्ये जास्तीत जास्त किती मिनिटे गेली?